राखणदारांच्या काकू

आमच्या घरमालकीणबाई चातुर्मासात कांदासुद्धा खात नसत, आणि दर डिसेंबरात त्यांच्या लंडनच्या पिनर भागातल्या घराच्या दाराला दोन मेलेले फेझंट टांगलेले असत. एक नर, एक मादी, माना सुतळीने एकत्र बांधलेल्या. फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याचा लांब शेपटीचा भाऊबंदच. पोस्टमन, शाळेत निघालेली पोरं, कुत्री फिरवणारे साहेब, सगळे ते दृश्य पाहत जात. शेजारच्या गुजराती बेन पहिल्या वर्षी पोलिसांना फोन करायला निघाल्या होत्या. कुणीतरी करणी केली, अशी त्यांची खात्रीच झाली होती. काकू मात्र बाहेर यायच्या, पिसं उलटी फिरवून पक्ष्याची छाती चाचपायच्या आणि म्हणायच्या, "यंदा खाणं बरं मिळालेलं दिसतंय यांना."

ते पक्षी काकूंना त्यांचे विद्यार्थी पाठवत. काकू दरवर्षी एका मुलाला किंवा मुलीला बर्सरी, म्हणजे शिष्यवृत्ती द्यायच्या, आणि ती डॉक्टरकीला नाही, वकिलीला नाही, तर गेमकीपर होण्याच्या शिक्षणाला. इथल्या मोठमोठ्या इस्टेटींवर शिकारीचे पक्षी वाढवणं, कोल्हे-कावळे आटोक्यात ठेवणं, हिवाळ्यात दाणा घालणं, कुंपणं लावणं, हरणं मोजणं आणि जास्त झाली तर कमी करणं, हे सगळं गेमकीपर करतो. त्याचा रीतसर कोर्स असतो, कॉलेज असतं, आणि ते नेहमी अशा आडगावी असतं की राहण्या-खाण्याचा, बुटांचा, गाडीचा खर्च गरीब घरच्या पोरांना झेपत नाही. काकू तो खर्च उचलायच्या. गेमकीपर हा शब्द त्या मराठी बोलताना वापरत नसत. त्या म्हणत, "राखणदार."

मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. नागपूरहून कंपनीने पाठवलं तेव्हा बायको आणि पाच वर्षांची इरा यांना घेऊन मी त्या दारात उभा राहिलो, आणि काकूंनी पहिलाच प्रश्न विचारला, "खाता?"

"हो," मी म्हणालो. सावजी रश्शावर वाढलेला माणूस खोटं तरी किती बोलणार?

"घरात शिजवायचं नाही. बाहेर खाऊन आलात तर माझी हरकत नाही. आणि माझ्याशी बोलताना पाय वाजवू नका, खिडकीवर रॉबिन पक्षी येतो."

तेव्हापासून मी त्यांचा 'नागपूरकर' झालो. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, याची मला शंका आहे. काम असलं की त्या झाडूच्या दांड्याने छताला ठोकायच्या. एक ठोका म्हणजे चहा झालाय. दोन ठोके म्हणजे इंटरनेट गेलंय. सलग ठोकत राहिल्या तर बागेत काहीतरी पाहण्यासारखं आलंय आणि ते उडून जायच्या आत आम्ही तिघांनी अनवाणी खाली धावायचं. बायको म्हणायची, आपल्याला भाड्याने घर मिळालं नाही, आपण फायर ब्रिगेडमध्ये भरती झालोय.

काकू मूळच्या वाईच्या. इथल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी जन्मभर नोकरी केली. उंची जेमतेम पाच फूट. पाचवारी साडी, तिच्यावर मेणकापडाचं हिरवं जाकीट, पायात लोकरीचे मोजे आणि गमबूट, गळ्यात दुर्बीण. याच वेशात त्या बसने हॅरोला भाजी आणायला जात. गणपतीला मराठी मंडळाच्या हॉलमध्येही याच वेशात येत, फक्त तिथे दुर्बीण पिशवीत असे. त्या येताना दिसल्या की काही जण उगाचच फोनमध्ये बघायला लागत, कारण काकू जवळ आल्या की "तुमच्या बागेत काय येतं?" असं विचारायच्या आणि "काही नाही" हे उत्तर त्यांना चालत नसे.

एकदा मंडळातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "काकू, तुम्ही अंडंसुद्धा खात नाही, आणि शिकाऱ्यांना पैसे देता? हे पाप कोणाच्या खात्यावर?"

काकूंनी त्यांच्या ताटाकडे पाहिलं. ताटात चिकन बिर्याणी होती, कारण तो गणपतीचा नव्हे, दिवाळीनंतरच्या स्नेहभोजनाचा दिवस होता. "तुम्ही जेवून घ्या," काकू म्हणाल्या, "मग दोघं मिळून वाटून घेऊ."

या बर्सरीमागची गोष्ट त्यांनी मला शेडमध्ये सांगितली. शेड म्हणजे बागेच्या टोकाची लाकडी खोली. डिसेंबरातले ते पक्षी काकू तिथे टांगत, आणि चार दिवसांनी मला बोलावत. "घरात नाही. इथे. ज्याला खायचंय त्याने पिसं काढायची." मी कॅम्पिंगचा स्टोव्ह घेऊन, शेडबाहेर छत्रीखाली, थंडीत कुडकुडत सावजी फेझंट करायचो. स्वयंपाकाचं काही नाही हो, पण ती पिसं आणि आतलं साफ करणं माझ्याने होत नसे. नागपुरातही मी खाटकाच्या दुकानात तोंड फिरवून उभा राहायचो. इथे मी डोळे बारीक करून पिसं ओढायचो आणि इरा, सात वर्षांची, माझ्या शेजारी उकिडवी बसून सगळं उरकायची. पक्ष्याच्या गळ्यातली अन्नाची पिशवी कापून ती काकूंना दाखवायची. "आजी, बघ! गहू. आणि हे ब्लॅक काय आहे?"

"आयव्हीच्या वेलाचं फळ," काकू सांगायच्या. त्यांचं नाक पदराने झाकलेलं असे, डोळे मात्र उघडे. मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, "नागपूरकर, तुम्ही खाता पण तुम्हाला बघवत नाही. मी खात नाही, पण मी बघू शकते. आपल्या दोघांत धड कोण, ते पोरीला ठरवू दे."

तर गोष्ट अशी. काकू आणि त्यांचे यजमान एकदा गाडीने यॉर्कशरकडे फिरायला निघाले होते. वळणावर एक हरीण गाडीवर आलं. मेलं नाही, मागचे पाय मोडले. यजमान रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागले. थोड्या वेळाने एक तरुण माणूस बंदूक घेऊन आला, जवळच्या इस्टेटीवरचा कीपर. त्याने दोघांना तोंड फिरवायला सांगितलं. यजमानांनी फिरवलं, काकूंनी नाही. त्याने एका गोळीत काम केलं, आणि मग टोपी काढून त्या हरणाजवळ क्षणभर नुसता उभा राहिला. त्याचे हात रक्ताने भरले होते. काकूंनी थर्मासमधलं गरम पाणी त्याच्या हातांवर ओतलं.

"मी त्याला विचारलं, तुझा नेम चुकला असता तर?" काकू म्हणाल्या. "तो म्हणाला, नेम सगळ्यांचा चुकतो, मॅडम. चुकला तर मागे जायचं, सापडेपर्यंत. मी तीस वर्षं देवळातली प्रवचनं ऐकली, नागपूरकर. त्यात मला एवढं सरळ वाक्य मिळालं नव्हतं."

त्या तरुणाचं नाव टेड. त्याला कॉलेजात शिकायचं होतं, पण परवडलं नव्हतं. यजमान गेल्यावर काकूंनी घराला मागे खोली काढायचा बेत रद्द केला, त्या पैशांची बर्सरी केली, आणि टेडला परीक्षक म्हणून बोलावलं. तोवर तो मोठ्या इस्टेटीचा हेडकीपर झाला होता. पुढे निवृत्तही झाला, तरी दर जुलैत चपटी टोपी घालून ट्रेनने पिनरला येई, दारात बूट काढी आणि काकूंच्या हातचे पोहे खाई. मीही त्या बर्सरीच्या निवड समितीत होतो. अर्ज गोळा करणं आणि चहा करणं, हे माझं काम.

मुलाखतीची त्यांची पद्धत जगात दुसरीकडे कुठे नसेल. प्रत्येक उमेदवाराला त्या बागेत स्टुलावर तासभर एकटं बसवत. फोन दारातल्या टोपलीत. तासाने टेड विचारी, काय दिसलं? कुणी ढग सांगे, कुणी शेजारच्या बाईंचे वाळत घातलेले कपडे सांगे. एक पठ्ठ्या झोपला आणि घोरला, आणि खारीने त्याचं सँडविच नेलं. आत आल्यावर पुष्कळजण म्हणत, मला प्राणी फार आवडतात. की काकूंचा चेहरा पडलाच. "आवडतात म्हणून काय? आमच्या शेजाऱ्यांनाही कोल्हा आवडतो, रोज चिकन घालतात, आता तो भरदिवसा त्यांच्या सोफ्यावर येऊन बसतो. आवडण्याचं सोडा. राखता येतं का, ते सांगा." आणि शेवटी एकच प्रश्न असे, सगळ्यांना तोच. तुझी चूक कधी झाली, आणि चुकल्यावर तू काय केलंस?

निकाल लागे जुलैत, पण बर्सरी हातात मिळे खंडेनवमीला. हा त्यांचा हट्ट. ज्याने त्याने आपापलं हत्यार आणायचं, धुऊन पुसून पाटावर ठेवायचं, आणि घरातल्या वडीलधाऱ्याने त्याला हळदकुंकू वाहायचं. बंदूक आणायची नाही, हे त्या आधीच बजावत. मग त्या बैठकीच्या खोलीत कंब्रियाचा एखादा लालबुंद शेतकरी बाप मोज्यांत उभा राहून पोराच्या कुत्र्याच्या शिट्टीवर चिमटीने कुंकू टाकतोय, असं दृश्य दिसे. माझा लॅपटॉप असे, बायकोची शिवणाची कात्री असे, आणि पाटाच्या मधोमध काकूंचा तो जुना थर्मास. दसऱ्याचं सोनंही त्या त्याच दिवशी वाटून घेत, पण आपट्याची पानं इथे कुठली? पलीकडच्या गल्लीत जिंकोचं झाड आहे, त्याची पानंही मधोमध चिरलेली असतात आणि त्या सुमाराला पिवळी पडायला लागतात. काकू ती वेचून आणत. पान हातावर ठेवून म्हणत, "सोनं घे, सोन्यासारखा राहा," आणि त्या इंग्रज पोरांकडून ते म्हणवूनही घेत.

आम्ही पुढे जवळच स्वतःचं घर घेतलं, तरी काकू सुटल्या नाहीत. इरा तर शाळेतून परस्पर तिकडेच जाई. पंधराव्या वर्षी तिने मला सांगितलं की तिला चिल्टर्न्सच्या डोंगरातल्या एका इस्टेटीवर शनिवारी बीटर म्हणून जायचंय. बीटर म्हणजे काठी आपटत रानातून चालायचं आणि शिकाऱ्यांसाठी पक्षी उठवायचे. मला वाटलं, पोरांना छंद असतात, जाईल. दर शनिवारी मी तिला गाडीने सोडायचो आणि चिखलातल्या कार पार्कमध्ये बसून ऑफिसची कामं उरकायचो.

मग अठरावं वर्ष आलं. मँचेस्टरला फार्मसीची ऑफर हातात होती. नागपूरला पेढे वाटून झाले होते. आणि एका संध्याकाळी इरा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, डोन्ट बी अँग्री. मला फार्मसी नाही करायची. मी नॉर्थच्या कॉलेजला अप्लाय केलंय, गेमकीपिंगसाठी. आजीच्या बर्सरीलापण."

मी रागावलो नाही. मी घाबरलो. माळरानावर एकटी कॉटेज, थंडी, तुटपुंजा पगार, आणि हातात बंदूक घेतलेली आमची पोरगी. नागपूरच्या तिच्या आजीला फोनवर काय सांगणार होतो? लोकांच्या पोरांना मी वर्षानुवर्षं चहा पाजून तिकडे धाडत होतो, ते मला चांगलं दिसत होतं. स्वतःच्या पोरीचं नाव आल्यावर मला एकदम वाऱ्याचा वेग, रात्रीचा रस्ता, सगळं आठवायला लागलं. मी म्हणालो, "बर्सरी मिळाली तर बघू." मनात म्हटलं, काकू शहाण्या आहेत, घरच्या पोरीला देणार नाहीत.

काकू शहाण्याच होत्या. मुलाखतीच्या दिवशी इराची पाळी आली तेव्हा त्यांनी टेडला सांगितलं, "या मुलीला मी मत देणार नाही. ती माझ्या पायरीवर मोठी झालीय. आणि नागपूरकर, तुम्हीही उठा. परीक्षेला बाप बसत नसतो. स्वयंपाकघरात जा." पण स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मध्ये ताटं द्यायची खिडकी होती, आणि ती काकूंनी लावून घेतली नाही. मुलाखत इंग्रजीत झाली, मी माझ्या भाषेत सांगतो.

टेडने शेवटचा प्रश्न विचारला. चूक कधी झाली?

इरा म्हणाली, "गेल्या जानेवारीत. एक फेझंट कोंबडा छर्रा लागून कुंपणापलीकडे पडला. जागा फक्त मी पाहिली होती. पडलेले पक्षी शोधणाऱ्या कुत्रेवाल्यांना मी जागा दाखवली, पण चुकीची दाखवली. त्यांना मिळाला नाही. सगळे जेवायला गेले. अंधार पडेपर्यंत मी शोधलं. नाही मिळाला. मी रडत गाडीत बसले. बाबांनी विचारलं, मी सांगितलं. वाटलं, ओरडतील, उशीर झाला होता."

"मग?"

"ओरडले नाहीत. रविवारी सकाळी मला उठवलं. खाली आले तर त्यांनी नवेकोरे गमबूट घातले होते, किमतीचं स्टिकरसुद्धा काढलं नव्हतं. म्हणाले, चल, कीपरला फोन कर आणि विचार, आत येऊ का. आम्ही कुंपणाच्या कडेने दुपारपर्यंत फिरलो. कोंबडा काटेरी जाळीत होता. जिवंत होता. हात आत जात नव्हता, म्हणून बाबांनी काटेरी फांद्या दोन्ही हातांनी वर धरल्या. मी त्याला बाहेर काढलं आणि संपवलं. एका झटक्यात, शिकवलंय तसं."

"आणि बाबांनी तोंड फिरवलं?" हा आवाज काकूंचा. मत देणार नव्हत्या, पण प्रश्न विचारल्याशिवाय राहतात थोड्याच.

"नाही," इरा म्हणाली. "ते बघत होते. फांद्या सोडल्या नाहीत."

मी खिडकीअलीकडे किटली हातात धरून उभा होतो. ती सकाळ मला आठवत होती, पण माझ्या आठवणीत फक्त काटे आणि ओले मोजे होते. तिने झटक्यात ते केलं तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, हे मला तिने सांगितल्यावर कळलं. त्या चेहऱ्यावर क्रूरपणा नव्हता आणि भीतीही नव्हती. काम नीट करणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. नंतर तिने पक्षी खाली ठेवला आणि लोकरीची टोपी काढली होती. हे तिला कुणी शिकवलं, ते वेगळं सांगायला नको. त्या क्षणी मला माझ्या पोरीचा इतका अभिमान वाटला की किटलीतलं पाणी माझ्या पायावर सांडलं.

टेडने पोह्यांची रिकामी बशी बाजूला सारली. मग तो म्हणाला, "म्हणजे मत माझं एकट्याचंच, होय ना? बरं झालं. वाद नाही होणार."

संध्याकाळी सगळे गेल्यावर काकू स्वयंपाकघरात आल्या. "आता तुमच्यावर आहे," त्या म्हणाल्या. "टेडने दिली, मी दिलेली नाही. खंडेनवमीला वडीलधाऱ्याने कुंकू वाहिलं नाही तर बर्सरी मी कुणाच्या हातात देत नाही, तुम्हाला माहीत आहे. पोरगी तुमची. जबरदस्ती नाही."

"काकू, थंडी फार असते हो तिकडे," मी म्हणालो.

"असते," काकू म्हणाल्या. "म्हणून राखणदार लागतो."

इरा सप्टेंबरात कॉलेजला गेली. मी स्वतः गाडीने सोडून आलो, पण तोंडाने "जा" असं म्हणालो नव्हतो. ऑक्टोबरात ती खंडेनवमीसाठी आली. हातात हेझलच्या झाडाची काठी, तिनेच तोडून तासलेली. मी नेहमीप्रमाणे लॅपटॉप पुसून पाटाकडे निघालो, तर काकूंनी हात आडवा केला.

"हे नको. ते बूट आणा."

"कुठले बूट?"

"गमबूट. काटे धरताना घातलेले. गाडीत असतील ना?"

खोलीत टेड होता, बायको होती, शेजारच्या बेन होत्या. बायको म्हणाली, "अहो काकू, बूट? पाटावर?" ज्या घरात चप्पल उंबऱ्याच्या आत येत नसे, त्या घरात काकू हे सांगत होत्या.

"धुऊन आणा म्हणजे झालं. हत्यार धुऊनच ठेवतात," काकू म्हणाल्या.

मी बागेतल्या नळाखाली ते बूट धुतले, टाचेतला चिल्टर्न्सचा चिखल काडीने काढला, आणि आत आणले. काकूंनी स्वतः पाटावर स्वच्छ कापड अंथरलं. थर्मासच्या एका बाजूला इराची काठी, दुसऱ्या बाजूला माझे गमबूट. मग कुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला. मी काठीला कुंकू लावलं. मग मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "जा, इरा."

"माझ्या बुटांना कोण लावणार?" मी विचारलं. टेडपेक्षाही थोरल्या, सगळ्यांत वडीलधाऱ्या त्याच होत्या. त्या म्हाताऱ्या बाई गुडघे धरत पाटापुढे बसल्या आणि माझ्या दोन्ही बुटांच्या टोकांना त्यांनी कुंकू लावलं. उठताना इराने हात दिला.

काकू मागच्या वर्षी गेल्या. इरा आता उत्तरेकडच्या एका इस्टेटीवर हरणं बघते, आणि जुलैत टेडच्या शेजारी बसून नव्या पोरांना तो एक प्रश्न विचारते. मुलाखती आमच्याच घरी होतात, चहा मीच करतो. गेल्या डिसेंबरात सकाळी दार उघडलं तर कडीला दोन फेझंट टांगलेले होते. शेजारचा माणूस कुंपणावरून वाकून म्हणाला, हे कुणी टाकलं तुमच्या दारात? मी पिसं उलटी फिरवून छाती चाचपली आणि म्हणालो, माझ्या पोरीने. मग गमबूट चढवून मी आमच्या बागेतल्या शेडकडे पिसं काढायला गेलो.